येण्याचे क्रियापद, असण्याचा अर्थ : 'कम फ्रॉम' या इंग्रजी क्रियापदबंधाचा विचार

प्रस्तावना

इंग्रजीच्या प्राथमिक संभाषणपाठात स्वतःची ओळख करून देण्याचा भाग असतो. मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी या ठिकाणी साधारणपणे तीन प्रकारची वाक्ये वापरतात : 'आय ॲम कमिंग फ्रॉम लातूर', 'आय बिलाँग टू लातूर' आणि 'आय कम फ्रॉम लातूर'. यांपैकी पहिले चूक, दुसरे संशयास्पद व तिसरे बरोबर असा निर्णय अध्यापक देतात. कारण विचारल्यास 'येथे साधा वर्तमानकाळ वापरावयाचा असतो' एवढे उत्तर मिळते. हे उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. पुण्यात दहा वर्षे स्थायिक झालेला, कोठूनही न येणारा माणूस 'मी येतो' असे क्रियापद वर्तमानकाळात का वापरतो, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

प्रस्तुत लेखात 'कम फ्रॉम' या क्रियापदबंधाचा मूळस्थान सांगण्यासाठी होणारा वापर तपासावयाचा आहे. हा प्रश्न वरवर व्याकरणाचा दिसतो. तथापि, माणूस 'कुठला' हे कोणी ठरवावयाचे, हा त्यामागील खरा प्रश्न आहे, आणि इंग्रजी साहित्याने व व्यवहाराने तो वेळोवेळी पुढे आणला आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

गती आणि स्थिती

'कम' हे गतिवाचक क्रियापद आहे. 'फ्रॉम' हे वियोगाचा आरंभबिंदू दाखविणारे शब्दयोगी अव्यय आहे. दोहोंच्या संयोगातून 'अमुक ठिकाणाहून निघून इकडे येणे' असा अर्थ निष्पन्न व्हावयास हवा. 'आय हॅव कम फ्रॉम द स्टेशन' किंवा 'आय ॲम कमिंग फ्रॉम द लायब्ररी' या वाक्यांत तो तसा होतोही. मात्र 'आय कम फ्रॉम सातारा' या वाक्यात प्रवास नाही, प्रवासाची वेळ नाही आणि प्रवासाचा शेवटही नाही. वक्ता साताऱ्यातच उभा राहून हे वाक्य बोलू शकतो. येथे गतीचे क्रियापद स्थितीचे काम करीत आहे.

इंग्रजीत स्थितिवाचक क्रियापदे सामान्यतः अपूर्ण वर्तमानकाळात चालत नाहीत. 'नो', 'बिलाँग', 'ओन' यांच्याप्रमाणेच मूळस्थानवाचक 'कम फ्रॉम' साध्या वर्तमानकाळात स्थिर होते. 'कमिंग' म्हणताच ते पुन्हा चालू लागते आणि प्रवासाचा अर्थ परत येतो. याच रूपाला इंग्रजीत आणखी एक लाक्षणिक अर्थ प्राप्त झाला आहे. 'आय सी व्हेअर यू आर कमिंग फ्रॉम' असे म्हणणारा समोरच्याचे गाव ओळखत नाही, त्याची वैचारिक भूमिका आपल्याला उमगली असे सांगतो. क्रियापदाच्या एका प्रत्ययाने जन्मस्थान, प्रवास आणि दृष्टिकोन हे तीन अर्थ वेगळे होतात. म्हणून 'साधा वर्तमानकाळ वापरा' या नियमाला अर्थाची जोड दिल्याशिवाय तो विद्यार्थ्याच्या मनात रुजत नाही.

भूतकाळाचा विचारही येथे उपयुक्त आहे. 'शी केम फ्रॉम आयर्लंड' हे वाक्य हयात नसलेल्या व्यक्तीच्या मूळस्थानाविषयी असू शकते किंवा एकदा घडून गेलेल्या स्थलांतराविषयी. साध्या वर्तमानात मात्र मूळस्थान कधीच संपत नाही. शब्दांच्या व्युत्पत्तीतही असेच घडते. इंग्रजीतील 'मंगूस' हा शब्द मराठीतील 'मुंगूस' या शब्दावरून आला असे कोशकार सांगतात, पण इंग्रजीत हे सांगताना ते 'कम्स फ्रॉम मराठी' असा वर्तमानकाळ वापरतात. शब्द इंग्रजीत येऊन शतके लोटली, त्याचे उच्चारण बदलले, अनेकवचनही इंग्रजी पद्धतीने होऊ लागले. तरी तो मराठीतून 'येतो'च आहे. शब्दाच्या बाबतीत हा न संपणारा वर्तमानकाळ निरुपद्रवी असतो. माणसाच्या बाबतीत तो तसा राहतोच असे नाही.

'व्हेन्स'चा लोप

जुन्या इंग्रजीपासून स्थानवाचक क्रियाविशेषणांची तीनपदरी व्यवस्था होती. 'व्हेअर' म्हणजे कोठे, 'व्हिदर' म्हणजे कोठे (दिशेने) आणि 'व्हेन्स' म्हणजे कोठून. यांपैकी शेवटची दोन रूपे नित्याच्या बोलण्यातून गेली. मग 'कोठून' हा अर्थ सांगण्यासाठी 'व्हेअर' हे पद वाक्यारंभी आणि 'फ्रॉम' वाक्यान्ती अशी विभागणी रूढ झाली.

१६११ साली प्रसिद्ध झालेल्या, राजा जेम्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबलच्या भाषांतरात 'व्हेन्स' व 'कम' यांची जोडी दोन भिन्न प्रयोजनांनी येते. ईयोबाच्या पुस्तकात परमेश्वर सैतानाला तू कोठून आलास असे विचारतो. तेव्हा सैतान आपण पृथ्वीवर इकडेतिकडे फिरून आल्याचे सांगतो. येथे प्रश्न व उत्तर दोन्ही प्रवासाविषयी आहेत. योनाच्या पुस्तकात मात्र वादळात सापडलेले खलाशी योनाला एकामागून एक प्रश्न विचारतात : तुझा व्यवसाय काय, तू कोठून आलास, तुझा देश कोणता, तू कोणत्या लोकांपैकी आहेस. 'कोठून' हा प्रश्न विचारून झाल्यावरही देश आणि लोक यांविषयी स्वतंत्रपणे विचारावे लागते, ही गोष्ट लक्षणीय आहे. योना उत्तर देतो ते शेवटच्या प्रश्नाला अनुसरून, म्हणजे आपल्या लोकांचे व आपल्या श्रद्धेचे नाव सांगून. चार प्रश्नांपैकी कोणत्याला उत्तर द्यावयाचे हे तो स्वतः ठरवितो. आधुनिक इंग्रजीतील 'व्हेअर डू यू कम फ्रॉम' या एकाच प्रश्नात यांपैकी तीन प्रश्न मिसळून गेले आहेत, आणि संदिग्धतेचे मूळ येथेच आहे.

डेव्हिसच्या दुकानातील संवाद

या संदिग्धतेचे सर्वांत प्रसिद्ध वाङ्मयीन उदाहरण म्हणजे जेम्स बॉझवेल आणि सॅम्युएल जॉन्सन यांची पहिली भेट. १६ मे १७६३ रोजी लंडनमधील कॉव्हेन्ट गार्डनजवळच्या रसेल स्ट्रीटवर, टॉमस डेव्हिस या ग्रंथविक्रेत्याच्या दुकानात ती झाली. बॉझवेल त्या वेळी बावीस वर्षांचा होता, जॉन्सन त्रेपन्न वर्षांचा. जॉन्सनचा स्कॉटिश लोकांविषयीचा पूर्वग्रह बॉझवेलला ठाऊक होता. म्हणून आपण कोठले आहोत हे सांगू नका, अशी विनंती त्याने डेव्हिसला केली. डेव्हिसने खट्याळपणे नेमके तेच सांगून टाकले. तेव्हा बॉझवेल सारवासारव करीत म्हणाला की, आपण स्कॉटलंडचे आहोत खरे, पण त्याला आपला इलाज नाही. यावर जॉन्सनने दिलेल्या उत्तराचा आशय असा की, तुमच्या पुष्कळ देशबांधवांनाही नेमकी हीच गोष्ट टाळता येत नाही, असे माझ्या पाहण्यात आले आहे.

या विनोदाचा सर्व भार 'कम फ्रॉम' या दोन शब्दांवर आहे. १७९१ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन्सनच्या चरित्रात बॉझवेलने त्याचे स्पष्टीकरणही दिले आहे. आपण हे शब्द त्या देशाचे असणे या अर्थाने वापरले होते, परंतु जॉन्सनने ते तो देश सोडून निघून येणे या अर्थाने उचलले, असे तो सांगतो. बॉझवेलची रोजनिशी १९५० साली फ्रेडरिक पॉटल यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. तीत याच प्रसंगाची नोंद आहे. त्या नोंदीत संवाद आहे, व्याकरणाचे स्पष्टीकरण नाही. प्रसंग घडल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी छापील चरित्रात हे भाष्य जोडणे बॉझवेलला आवश्यक वाटले, यावरून या क्रियापदबंधाचे दोन्ही अर्थ भाषेत जिवंत असले तरी वाचकाला ते सुटे करून दाखविण्याची गरज होती, असे अनुमान काढता येते.

अधिक बारकाईने पाहिल्यास असे दिसते की, बॉझवेलच्या वाक्याचा उत्तरार्धही दुधारी आहे. 'इलाज नाही' हे जन्माविषयी म्हटले तर ती नम्र असहायता ठरते, कारण कोणालाही आपले जन्मस्थान निवडता येत नाही. तेच स्थलांतराविषयी म्हटले तर दारिद्र्याची कबुली ठरते, कारण जेथे राहवत नाही तेथून माणूस निघून येतो. जॉन्सनने बॉझवेलचा एकही शब्द बदलला नाही. त्याने केवळ स्थिर झालेल्या क्रियापदाला पुन्हा गती दिली.

या थट्टेला तत्कालीन राजकारणाची पार्श्वभूमी आहे. १७०७ च्या कायद्याने इंग्लंड व स्कॉटलंड यांचे एकीकरण झाले होते. बॉझवेल कायद्याने त्याच राज्याचा प्रजाजन होता. परंतु स्कॉटिश असलेले पंतप्रधान लॉर्ड ब्यूट यांनी याच वर्षी एप्रिलमध्ये राजीनामा दिला होता, आणि लंडनमध्ये नोकऱ्या व मानमरातब मिळविण्यासाठी येणाऱ्या स्कॉटिश लोकांविषयी बरीच कटुता होती. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात जॉन्सनने स्कॉटिश माणसाला दिसणारे सर्वांत भव्य दृश्य म्हणजे त्याला इंग्लंडला आणणारा रस्ता, अशा आशयाची आणखी एक कोटी केली. दोन्ही कोट्यांचे तर्कशास्त्र एकच आहे : स्कॉटिश माणूस म्हणजे येणारा माणूस. येथे एक विसंगती नजरेआड करता येणार नाही. जॉन्सन स्वतः लिचफिल्डचा. १७३७ साली डेव्हिड गॅरिकसह तो पोट भरण्यासाठीच लंडनला आला होता. तरीही 'येणारा' हे विशेषण त्याला चिकटले नाही. 'कम फ्रॉम'मधील गती कोणाच्या बाबतीत जागी करावयाची आणि कोणाच्या बाबतीत निजू द्यावयाची, हे व्याकरण ठरवीत नाही. ज्याचे वर्चस्व असते तो ठरवितो.

पंचमी की षष्ठी?

हा संवाद मराठीत आणू पाहणाऱ्या भाषांतरकाराची अडचण उद्बोधक आहे. 'मी स्कॉटलंडचा' असे भाषांतर केले तर बॉझवेलचा अर्थ साधतो, पण जॉन्सनला उत्तर देण्यास जागा राहत नाही. 'मी स्कॉटलंडहून आलो' असे केले तर जॉन्सनचा अर्थ साधतो आणि बॉझवेलचा हरवतो. 'मी स्कॉटलंडहून आलेला' हे धातुसाधित कसेबसे दोन्ही अर्थ पेलू शकेल, परंतु त्यात मूळचा सहजपणा नाही. मराठीत मूळस्थान सांगण्यासाठी षष्ठीचा 'चा' आणि प्रवास सांगण्यासाठी पंचमीचा 'हून' अशी सरळ वाटणी आहे. इंग्रजीत दोन्ही कामे पंचमीच्या अर्थाच्या 'फ्रॉम'कडे आली आहेत.

'आय बिलाँग टू लातूर' या वाक्याचा उगम आता स्पष्ट होतो. विद्यार्थी मनातील 'चा'ला इंग्रजी प्रतिरूप शोधतो आणि त्याला 'बिलाँग टू' सापडते. प्रमाण इंग्रजीत व्यक्तीच्या गावासाठी हा प्रयोग सहसा होत नाही. मात्र स्कॉटलंडमधील इंग्रजीत तो रूढ आहे. विल फायफ या स्कॉटिश कलावंताच्या, ग्लासगो शहराशी कायमच्या निगडित झालेल्या लोकप्रिय गीताच्या शीर्षकातच हे क्रियापद आहे. ज्या देशाचा म्हणून बॉझवेलची थट्टा झाली, त्याच देशाच्या बोलीत आपल्या विद्यार्थ्याचे वाक्य शुद्ध ठरते, ही गोष्ट 'चूक' हा शेरा मारण्यापूर्वी ध्यानात घेण्याजोगी आहे.

संस्कृत व्याकरणाने हे अर्थ फार पूर्वी वेगळे केले होते. वियोगाच्या क्रियेत जे स्थिर राहते ते अपादान, अशी पाणिनीची व्याख्या आहे. उत्पत्तीचे कारण आणि उगमाचे स्थान यांनाही त्याने स्वतंत्र सूत्रांनी अपादानात घेतले. गंगा हिमालयातून उगम पावते, हे त्याचे परंपरागत उदाहरण होय. तद्धित प्रकरणात तर तेथे जन्मलेला, तेथून आलेला, तेथे निवास असलेला आणि तेथे अभिजन असलेला, असे निरनिराळे अर्थ सांगितले आहेत. निवास म्हणजे स्वतः राहतो ते स्थान आणि अभिजन म्हणजे पूर्वज राहत होते ते स्थान, असा भेद भाष्यकारांनी केला आहे. मथुरेशी यांपैकी कोणत्याही नात्याने जोडलेला मनुष्य 'माथुर' म्हणवितो. शब्द एकच, पण शास्त्राने अर्थांची गल्लत होऊ दिली नाही. आपल्याकडील 'कर'प्रत्ययान्त आडनावे बहुधा अभिजनच सांगतात. त्या गावी आज घर नसले, तरी आडनाव गाव सोडीत नाही.

कायद्यातील मूळ

कायद्याची इंग्रजी 'कम फ्रॉम'वर विसंबत नाही. जन्मस्थान, राष्ट्रीयत्व, सामान्य रहिवास, अधिवास अशा स्वतंत्र संज्ञा ती वापरते. तरीही मूळस्थानाची चिवट कल्पना तेथेही आढळते. 'उडनी विरुद्ध उडनी' या १८६९ च्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे कर्नल उडनी यांच्या अधिवासाचा प्रश्न होता. त्यांचा जन्म इटलीतील लेगहॉर्न येथे, वडील तेथे वाणिज्यदूत असताना झाला होता. पुढे बत्तीस वर्षे ते लंडनमध्ये राहिले आणि १८४४ साली कर्जामुळे फ्रान्समधील बूलोन्य येथे गेले. लंडन सोडताच त्यांचा मूळ अधिवास, म्हणजे वडिलांकडून आलेला स्कॉटलंडचा अधिवास, पुनरुज्जीवित झाला, असे न्यायालयाने ठरविले. स्वेच्छेने स्वीकारलेला अधिवास सोडता येतो, मूळ अधिवास मात्र सुप्त राहून परत येतो, हे तत्त्व या निर्णयाने दृढ केले. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्येही औरस अपत्याचा मूळ अधिवास जन्मकाळी वडिलांचा अधिवास ज्या देशात असेल तो मानला आहे. कायद्याच्या या 'मूळ'चा जन्मस्थळाशी किंवा आयुष्य घालविलेल्या स्थळाशी संबंध असेलच असे नाही. फरक इतकाच की, कायदा आपल्याला कोणत्या अर्थाने 'मूळ' अभिप्रेत आहे हे आधी सांगतो. दैनंदिन प्रश्न ते सांगत नाही.

प्रश्नकर्त्याचा अधिकार

२९ नोव्हेंबर २०२२ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात स्त्रियांवरील हिंसाचाराच्या प्रश्नावर एक स्वागत समारंभ झाला. त्यात अत्याचारपीडित कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या संस्थापक, ब्रिटनमध्येच जन्मलेल्या न्गोझी फुलानी यांना राजघराण्यातील ज्येष्ठ सहायिका लेडी सुझन हसी यांनी त्या कोठल्या हे विचारले. फुलानी यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार, आपण ब्रिटनच्याच आहोत असे सांगूनही 'खरोखर' कोठल्या हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला. हसी यांनी दिलगिरी व्यक्त करून आपले मानद पद सोडले, आणि डिसेंबरमध्ये दोघींची भेट होऊन क्षमायाचना स्वीकारली गेली.

या प्रसंगाचा भाषिक अर्थ असा की, फुलानी यांनी निवास व जन्म या अर्थांनी उत्तर दिले होते. प्रश्नकर्तीला अभिजन हवा होता. प्रश्न एकच असल्यामुळे प्रत्येक खरे उत्तर तिला अपुरे ठरविता आले. 'रिअली' हे क्रियाविशेषण वाक्यात आले की आधीचे उत्तर खोटे नसूनही बाद होते. जॉन्सनने स्थितीला गती दिली. येथे पिढ्यांपूर्वी संपलेला प्रवास वर्तमानकाळात चालू ठेवण्यात आला. साध्या वर्तमानकाळाचे जे स्थैर्य व्याकरणात सोयीचे आहे, तेच येथे माणसाला पाहुणा ठरविणारे झाले.

हा दोष केवळ इंग्रजीचा आहे असे समजण्याचे कारण नाही. 'तुम्ही कुठले?' हा मराठीतील प्रश्न जिव्हाळ्याने विचारला जातो, आणि ओळखीपाळखीचा धागा सापडावा हाच त्याचा हेतू अनेकदा असतो. तथापि, 'मूळ गाव कोणते?', 'पूर्ण नाव काय?' अशा पायऱ्यांनी तोच प्रश्न जातीपर्यंत पोहोचतो, हेही आपल्या समाजाचे वास्तव आहे. षष्ठीचा 'चा' पंचमीच्या 'फ्रॉम'पेक्षा अधिक उदार आहे, असा दावा म्हणूनच करता येत नाही. विभक्ती कोणतीही असो, कोणत्या अर्थाचे उत्तर पुरे मानावयाचे हा अधिकार प्रश्नकर्त्याने स्वतःकडे ठेवला की ती चौकशी ठरते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. 'कम फ्रॉम' हा गतिवाचक घटकांपासून बनलेला, परंतु मूळस्थानाच्या अर्थी स्थितिवाचक झालेला क्रियापदबंध आहे. साधा वर्तमानकाळ हे त्या स्थितीचे चिन्ह आहे. ही स्थिती पूर्णतः गोठलेली नाही. विनोदाने, पूर्वग्रहाने किंवा एखाद्या क्रियाविशेषणाने तिच्यातील गती पुन्हा जागी करता येते. जन्म, निवास, अभिजन आणि प्रवास या चार अर्थांपैकी कोणता अभिप्रेत आहे हे शब्दांवरून कळत नाही, संदर्भावरून व बोलणाऱ्यांच्या परस्परसंबंधांवरून ठरते.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली अशी की, 'आय कम', 'आय हॅव कम' व 'आय ॲम कमिंग' ही तिन्ही वाक्ये शेजारी मांडून त्यांतील अर्थभेद मराठीच्या 'चा' व 'हून' यांच्या साहाय्याने उलगडावा. विद्यार्थ्याची चूक अज्ञानातून नव्हे तर दोन भाषांच्या भिन्न वाटणीतून आली आहे हे कळल्यावर ती सुधारणे सोपे जाते, आणि इंग्रजी बोलताना येणारा संकोचही कमी होतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मुलाखतीत किंवा परक्या शहरात हा प्रश्न विचारला गेल्यास त्याचे उत्तर एकच असते असे नाही, हे विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. जन्मगाव सांगावे, वाढलो ते शहर सांगावे की पूर्वजांचे गाव सांगावे, ही निवड उत्तर देणाऱ्याची आहे. बॉझवेलला ती लपवावीशी वाटली आणि ते त्याला साधले नाही. आपल्या विद्यार्थ्याला ती लपविण्याची गरज वाटू नये, इतका आत्मविश्वास भाषेच्या वर्गातून मिळाला, तर व्याकरणाचा हा लहानसा नियम शिकविणे सार्थकी लागले असे म्हणता येईल.